डेमो पीस

लॅमिंग्टन रोडला, फुरिया इलेक्ट्रॉनिक्सच्या पोटमाळ्यावर
अजून एकतीस खोकी आहेत.
दर शनिवारी मी ती मोजतो.
मोजून कमी होत नाहीत,
पण शेठना बरं वाटतं.

'आग्या' नाव त्या खेळाच्या यंत्राचं.
शेठना ऐकू आलं 'आज्ञा',
मला आग्यामोहोळ,
आणि ज्यानं हे नाव ठेवलं
त्याला काय ऐकू आलं, तो जाणे.

माल आला भाऊबीज उलटून आठ दिवसांनी.
वरातीमागून घोडं, तेही उपाशी.
बोनस तोवर लोकांच्या घरी
फ्रिज होऊन गुरगुरत होता.

चौतीस हजार नऊशे नव्वद.
कंट्रोलर एकच. दुसऱ्याचे सव्वाचार हजार वेगळे.
म्हणजे भावाबहिणींनी काय करायचं,
एकानं खेळायचं, एकानं हेवा करायचा?
खेळही एकच: बर्फातली गाड्यांची शर्यत.
खेतवाडीतल्या पोरांना बर्फ ठाऊक तो गोळ्यातला,
काडीला लावलेला, कालाखट्टा ओतलेला.
आणि चालू केलं की आधी तीन तास
एक निळी पट्टी सरकायची.
सरकायची म्हणजे, सरकते असं वाटायचं.

मार्चमध्ये साकीनाक्याच्या ऑफिसात बोलावणं आलं.
"जमिनीवरचं सांगा," राजाध्यक्ष मॅडम म्हणाल्या.
माझ्या खिशात चिठ्ठी होती, बिलाच्या पाठीवर लिहिलेली:
दोन कंट्रोलर खोक्यातच द्या.
दसऱ्याआधी या.
लगोरी द्या, पतंग द्या, काहीतरी आपलं द्या.
एक खोकं फोडा, पोरांचे हात लागू द्या.

एसी फार होता.
मी म्हणालो, "पॅकिंग छान आहे, मॅडम."
आणि दोन बिस्किटं खाल्ली.

खरं तर चिठ्ठीत एक ओळ लिहायची राहिली होती.
समोरच्या झेरॉक्सवाल्या हडकरांची ओवी
शाळा सुटली की काचेला नाक लावून उभी राहायची.
आत तीच बर्फातली गाडी, तेच वळण, दिवसभर.
"काका, ही गाडी वळवतं कोण?"
कोणी नाही गं, व्हिडिओ आहे.
"मग मी वळवू?"
'हात लावू नये' हा कागद
माझ्याच हातानं चिकटवलेला होता,
चारही कोपऱ्यांना सेलोटेप लावून.

परवा कंपनीचं पत्र आलं. सर्व्हर बंद.
शेठ म्हणाले, एक घेऊन जा, पगारात नाही धरत.
मी घरी नेलं नाही.
दुपारी पोटमाळ्यावरच सील फोडलं,
काचेच्या कपाटातला दुसरा कंट्रोलर काढला,
ओवीला हाक मारली. धाकट्या केदारेशला घेऊन आली.

निळी पट्टी आली. थांबली.
आता ती कायमचीच थांबणार होती.
मी उगाच बटणं दाबत गेलो आणि कुठेतरी खोल,
सेटिंगच्या तळाशी, निघालं: 'कंट्रोलर तपासा'.
काळा पडदा. दोन ठिपके, एक हिरवा, एक पिवळा.
काडी हलवली की हलतात. बस, इतकंच.

"केदू, तू पळ. राज्य माझ्यावर."

वरचा डावा कोपरा घर झाला.
मधली रेघ झाली गटार, पडलं की आउट.
केदारेश दोनदा 'टॅम्प्लिस' ओरडून
चड्डी सावरून आला.
तासभर. एक जीबी नाही, एक रुपया नाही,
बर्फाचा एक कण नाही.
मी खोक्यावर बसून पाहत राहिलो,
ज्या खोलीत हे यंत्र बनलं
तिथल्या कुणा कंटाळलेल्या पोरानं
हे दोन ठिपके काढले असतील तेव्हा
स्वतःशी खेळून पाहिलं असेल का?
पाहिलं असेल तर वर कुणाला सांगितलं का नाही?
की त्यालाही बिस्किटं दिली होती?

"काका, झोपलात का? राज्य तुमच्यावर आलंय."

कंट्रोलर गरम होता, थोडा चिकट.
खाली कुणी गिऱ्हाईक
मेमरी कार्डाचा भाव विचारत होतं.
विचारू दे.
हिरवा ठिपका मी घराबाहेर काढला.