डाग

मांगूरला आमच्या गल्लीत दिवसभर
बारीक निळी ज्योत सुरू असते,
घराघरांत एक, शिट्टीसारखी.
मी घुंगरांना कड्या जोडते.
एका मंगळवारी नळी निसटली.
हात झटकेपर्यंत मनगटावर
टाकणखार फुलावा तशी कातडी फुलली.

शेजारच्या कस्तुराने टूथपेस्ट आणली, सासूबाईंनी कोरफड.
निपाणीच्या दवाखान्यात सिस्टरने दोन्ही पुसून काढलं
आणि पांढरं मलम थापलं, लोण्यासारखं जाड.
"बेळ्ळी मुलाम," ती म्हणाली,
मग माझ्या तोंडाकडे बघून, "चांदीचं हाय, बाई."
मला हसू आलं.
नखांत चांदी, पदरावर चांदीची भुकटी,
आता जखमेतही.
घरचंच औषध की.

चौथ्या रात्री खाज सुटली.
भाजल्याची आग मला ओळखीची,
ही मुंग्यांची होती,
पट्टीच्या कडेने कोपराकडे निघालेली.
सकाळी सोडून बघितलं तर
भाजलेली जागा बरी होती,
न भाजलेली लाल, पुटकुळ्यांनी भरलेली.

डॉक्टर हिरेमठांनी बॉलपेनने
लालीच्या कडेकडेने रेघ ओढली.
"उद्या बघू, रेघेच्या आत राहते का."
निळी रेघ, नकाशावर असते तशी.
आमच्याकडे रेघ कुणी ओढली, कुठून ओढली,
यावर चहाच्या गाड्यापाशी रोज तास दोन तास जातात.
मी ती हातावर घेऊन रात्रभर जागी.
उजाडलं तेव्हा लाली रेघेबाहेर दोन बोटं.
"आगिबरल्ल," डॉक्टर स्वतःशीच म्हणाले.
ते मला कळलं. मानवत नाही.
काय मानवत नाही, ते त्यांनाही नक्की सांगता येईना.

घरात मात्र लगेच ठरलं: चांदीच.
सासूबाईंनी पायाच्या बोटांना साबण लावून
माझी जोडवी उतरवली,
त्यांचा लेक समोर धडधाकट जेवत बसलेला असताना,
आणि देवासमोर बराच वेळ पुटपुटत राहिल्या.
शेठ म्हणाले, "सुमंगल, बरी हो आधी. मग बघू."
त्या "मग बघू"चं वजन
काटा न लावता कळलं मला.

बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात
पाठीवर तीन चौकोन चिकटवले.
एकात चांदीचं पाणी, एकात सल्फा,
तिसऱ्यात ही दोन्ही काढून उरलेलं नुसतं मलम.
दोन दिवस अंघोळ नाही, घाम नाही.
शहापुरात मावसबहिणीकडे पालथी पडून राहिले,
तिच्या शिलाई मशीनची टकटक ऐकत
आणि मनातल्या मनात दुसरं काय काम जमेल ते मोजत.

पट्ट्या निघाल्या तशी बहीण ओरडली,
"अगं, चांदीचा काळा पडलाय!"
मी डोळेच मिटले.
डॉक्टरीणबाईंनी त्यावरून बोट फिरवलं.
"हा नुसता डाग. चांदी काळी पडायचीच.
बघा, सपाट आहे."
सल्फाचाही सपाट.
फुगला होता तिसरा,
लाल, खरखरीत,
ज्याच्यावर कुणी संशयही घेतला नव्हता तो,
चांदीला आणि सल्फाला एकत्र धरून ठेवणारा
मेणचट पांढरा पदार्थ.
त्यांनी त्याचं लांबलचक नाव चिठ्ठीवर लिहून दिलं.
"कुठेही गेलात तरी आधी ही दाखवा."
चिठ्ठी घडी करून आधार कार्डामागे ठेवली आहे.
नाव मला वाचता येत नाही.

ज्योत परत सुरू झाली.
मनगटावर एक गुळगुळीत जागा राहिली,
तिथे केस येत नाहीत, घामही नाही.
आमच्यात दागिन्यालाही डाग म्हणतात.
हा एक शेठच्या वहीत नाही.

सासूबाईंनी जोडवी चिंचेने घासून
परत माझ्यासमोर ठेवली.
बोटांवर अजून पांढरट खाच आहे.
"घालते," म्हटलं, "हातातलं काम होऊ दे."
त्याला आता पाच महिने झाले.