खिडक्यांची संख्या

सोमवारी दुपारी हवालदार आला, हातात फॉर्म.
नाव. माणसं किती. भाडेकरू? कुत्रं?
मग, रस्त्याकडं तोंड असलेल्या
खिडक्यांची संख्या.

एकच, म्हटलं.
तिच्याखाली माझं पिकोचं मशीन.
त्यानं ०१ लिहिलं, आधी शून्य काढून,
जणू पुढं वाढणार होत्या.

बुधवारी कवलापूरच्या माळावर
कुठल्यातरी देशाचे पंतप्रधान उतरणार,
बुधगाव, माधवनगर करत सांगलीच्या यार्डात जाणार,
हळदीचा सौदा बघणार.
देशाचं नाव पोरांना पाठ झालेलं.
मला दोनदा विचारावं लागलं.

झाडांच्या बुंध्यांना गेरू लागला, चुना लागला.
नाल्यासमोर हिरवं कापड ताणलं.
मागं नाला वाहतोय हे फक्त नाकाला माहीत.
सिकंदरचा चहाचा गाडा टेम्पोत घालून नेला,
कुठं, ते त्याला शनिवारपर्यंत कुणी सांगितलं नाही.

आणि मंगळवारी रात्री दीड वाजता जेसीबी आला.
शाळेसमोरचा गतिरोधक उपटला.
घोरपड्यांची मृणाल गेली तेव्हा मागितलेला.
दुसरी ब. पाठीवर दप्तर होतं.
अडीच वर्षं, अकरा अर्ज,
तिचे आजोबा चार दिवस उपोषणाला बसले
तेव्हा कुठं बसला होता तो.
निघायला वीस मिनिटं लागली.
पाहुण्यांच्या गाडीला धक्का नको, म्हणाले.
आजोबा लुंगीवरच बाहेर येऊन उभे होते.
काही बोलले नाहीत.
खाली पडलेला डांबराचा एक तुकडा
उचलून घरात घेऊन गेले.

बुधवारी सहापासून खिडकी बंद.
घरात कॉन्स्टेबल बंडगर, मणेराजुरीची पोरगी,
माझ्या एकाच खिडकीवर पहाऱ्याला.
गुरुवारच्या लग्नाच्या चौदा साड्या राहिलेल्या,
नवरीची मावशी चौकात बॅरिकेडपलीकडं अडकलेली,
दर दहा मिनिटांनी फोन.
बल्बच्या उजेडात सुई ओवता येईना.
बंडगरनं टोपी काढली. सुई माझ्या हातातून घेतली, ओवली.
नऊच्या सुमाराला ती जमिनीवर बसून
फॉलची कड दुमडून धरत होती,
"अशी होय, भाभी? का अजून आत?"
मांडीवर मोरपंखी साडी, कमरेला वॉकीटॉकी खरखरतोय.

दहा चाळीसला सायरन.
ती उठली. टोपी घातली. मला म्हणाली, तुम्ही थांबा.
स्वतः कडी काढून बोटभर फट केली.
एक, दोन, तीन... बऱ्याच गाड्या गेल्या.
काय दिसलं ग?
"काच," म्हणाली, आणि परत कड धरायला बसली.

यार्डातलं यांनी रात्री सांगितलं.
हमालांना पांढरे कपडे दिलेले, घडीसकट.
पहिलं पोतं पाठीवर घेतलं की पिवळे.
धूळ उडू नये म्हणून जमिनीवर पाणी मारलं,
खालच्या थरातली पोती भिजली, त्यांना भाव मिळाला नाही.
पाहुण्यांनी मूठभर हळकुंडं उचलली, फोटो झाला,
एकदा शिंकले,
आणि अख्खं यार्ड गप्प झालं, जणू त्यावरच बोली लागणार.

शुक्रवारी शाळा भरली.
रस्ता आता तुळतुळीत, गाड्या सुसाट.
पालिकेत विचारलं तर म्हणाले, नवीन अर्ज करा.
जुना कुठंय? जुन्यावर काम झालंय.

यांनी आणि यार्डातल्या चौघांनी
पोती बांधायचा जुना दोर आणला, मनगटाएवढा जाड,
तीन पदरी पिळला, रस्त्यावर आडवा टाकला,
दोन्ही टोकांना पहारी ठोकल्या.
आजोबांनी घरातून डांबराचा तुकडा आणला,
एका पहारीच्या बुडाशी पाचर म्हणून घातला.
वर्षांची हळद मुरलेली त्या दोरात.
पहिल्या वळवात डबकं पिवळं होईल.

आता खिडकी उघडी असते.
धप् वाजतं, गाडी हळू होते,
आणि माझा पाय पायडलवर थांबतो,
गाडी शाळेच्या पुढं जाईपर्यंत.