साठापर्यंत

पहिल्या भेटीला लेतूबाईनं मला पाणीसुद्धा विचारलं नाही.
चप्पल ओसरीखाली, पिशवी मांडीवर,
रजिस्टर उघडून मी विचारत बसले :
पाळी कधी चुकली,
आधीचं लेकरू किती दिवसांचं होऊन गेलं.
सोमित्रा अंगठ्यानं जमीन उकरत राहिली.
उत्तर कुडाआडून आलं,
"बारा दिवसाचं. लिहून घे.
लिहिल्यानं वापस येते का थो?"

मी लिहिलं. बारा.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा पऱ्हाटी गुडघ्याला लागत होती.
लोहाच्या गोळ्या मला तुरीच्या ढोलीत सापडल्या,
एकही फोडलेली नाही.
पोट्टं मोठं झालं तर अडते, म्हणे,
म्हणून भाकरही अर्धीच.
मी चिडले नाही.
खोटं कशाला, चिडले.
नको ते बोलले म्हातारीला,
आणि पोडाचा उतार संपेपर्यंत
स्वतःलाच बोल लावत आले.

तिसरी. चौथी.
भेट म्हणजे काय हो,
चार किलोमीटर पायी, आणि तेच ते सांगणं.
चिंध्यांची एक बाहुली नेत असे मी,
माझ्या पोरीच्या जुन्या फ्रॉकची.
तिला कोरडं पुसायचं, टोपडं घालायचं,
आईच्या छातीशी ठेवायचं, कातडीला कातडी.
आंघोळ नाही सात दिवस.
चीक फेकायचा नाही.
श्वास मोजायचा,
मिनिटाला साठ झाले, वर गेले, तर मला हाक.
कुडाआड भांडी आपटत असत.
एकदा आपटायची थांबली.
मला वाटलं, म्हातारीला झोप लागली.

आठव्या महिन्यातही सोमित्रा वेचणीला होती,
ओटीत कापूस, ओटीखाली बाळ.
दिवसाला पस्तीस किलो.
काट्यावरचा माणूस गाठोडं तोलायचा.
मी तिथंच धुऱ्यावर बसवून
तिच्या पायावरची सूज अंगठ्यानं दाबून पाहिली.

पौषात रात्री जैतूचा फोन आला, तोही अर्धाच.
रपटा खचलेला, गाडी नाल्यापलीकडेच थांबली.
मी पोचले तेव्हा तांबडं फुटत होतं
आणि बाळ होऊन तीन तास झाले होते.

चुलीवर गंजभर पाणी.
धस्स झालं. न्हाऊ घातलं असणार.
"तुह्या हातासाठी हाय ते," लेतूबाई म्हणाली.
"साबण थ्या कोनाड्यात."

आत विकायचा राहिलेला कापूस, आढ्यापर्यंत.
त्याच्या उबेला सोमित्रा टेकलेली,
लुगड्याच्या आत, उघड्या छातीवर
ओंजळभर काहीतरी हलत होतं.
डोक्यावर टोपडं.
ते मी ओळखलं.
माझ्या बाहुलीचं.
मागच्या भेटीनंतर मिळेना
म्हणून पिशवी दोनदा झटकली होती मी.

झोळीकाटा लावला. एकोणीसशे ग्रॅम.
अठराशेच्या खाली असतं तर तसंच छातीशी बांधून
नाल्यापलीकडे नेलं असतं.
टायमर काढला, तर लेतूबाई म्हणाली,
"बावन्न. आत्ताच मोजले.
मिनिट जैतूनं पाह्यलं, मोजले म्या."
मग जरा थांबून,
"मले साठापर्यंतच येते मोजता.
त्याच्यापुढं गेला असता त तुले बलावलंच असतं."

फॉर्मात विचारतात, भेट कोणी दिली.
मी माझं नाव लिहिलं. दुसरा रकाना नाही.

बाराव्या दिवशी तक्त्यात भेट नसते.
तरी गेले.
लेतूबाई ओसरीवर, कुडाच्या अलीकडे,
मांडीवर टोपडं.
मी तोंड उघडणार तोच तिनं हात वर करून
मला गप्प केलं.
ओठ हलत होते तिचे,
एकेचाळीस, बेचाळीस,