चौदा नंबर, डाव्या हाताचा

अकरा हंगाम खेळला विल्मांतास आमच्या गावाच्या संघातून
आणि त्याचं सगळं चित्रण मिळून बावीस मिनिटं.
त्यातली नऊ तो बाकावर,
गुडघ्यावर टॉवेल, दातांत नख.

मी काकडीच्या लोणच्याच्या कारखान्यात बरण्यांना झाकणं लावते,
म्हणजे यंत्र लावतं,
मी वाकडी बसलेली बाजूला काढते.
तोच डोळा रात्री कामाला येतो.
केदाइन्याइत डिसेंबरात चारलाच अंधारतं,
तेव्हा रात्रीला तोटा नाही.

कापते. जोडते.
चुकलेला नेम काढला.
पाय घसरला, काढला.
प्रशिक्षक ओरडतोय आणि याची मान खाली,
हे ठेवावं की नाही, यात दोन दिवस गेले.
काढलं.
खडे निवडता निवडता कळतं
सुपात धान्यच मूठभर होतं.

तरी एक बास्केट होती.
पानेवेझिसविरुद्ध, उरलेले दोन सेकंद,
मधल्या रेषेच्याही अलीकडून,
दोघा उंचाड्यांच्या काखेखालून सुटलेला डाव्या हाताचा चेंडू.
मूळ चित्रणात हे सगळं
शिंक येऊन जावी तसं.
मी वेग दहा पटींनी उतरवला.
आता चेंडू वर जातो तो
पावाच्या पिठासारखा फुगत, घाई न करता,
आणि बोटं हवेतच राहतात,
जणू वरच्या फळीवर काही ठेवलंय
आणि ते नीट बसलंय का, चाचपतायत.
खाली भाच्याने वाजवलेलं अकॉर्डियन घातलं.
एक सूर चुकतो.
तो मात्र काढला नाही.

आता तो तीन नंबरची बस चालवतो.
सगळ्या गावाला ठाऊक आहे, कुणी काही बोलत नाही,
उतरताना मान तेवढी जरा आदबीने हलवतात.
शेवटच्या थांब्यावर मी एकटीच उरले.
म्हटलं, हे बघाल का.
त्याच्या तळहातात माझा फोन
काडेपेटीएवढा दिसला.

इंजिन चालू, वायपर चालू.
मी त्याचा चेहरा वाचत उभी,
पाच महिन्यांची मजुरी जणू तिथेच मिळायची होती.
चेंडू वर गेला.
"थांबव," तो म्हणाला. "मागे घे. अजून मागे."
आणि अंगठ्याखाली स्वतःला पुरता झाकून
दुसऱ्या हाताचं बोट ठेवलं तिसऱ्या रांगेवर.
"ही रामुने.
तेव्हा ओळखसुद्धा नव्हती आमची."

हिरवा स्वेटर. खुर्चीखाली वाकलेली,
बहुधा काहीतरी पडलं असावं.
सगळं सभागृह उठून उभं, तोंडं उघडी,
आणि ती तेवढी खाली.
"एकोणीस वर्षं सांगते आहे, मी ती बास्केट पाहिली म्हणून.
माझ्या आईला सांगितलं. पोरांना सांगितलं.
चेंडू कसा फिरत होता तेसुद्धा सांगते!"
स्टिअरिंगवर डोकं टेकून हसला,
हॉर्न वाजला,
बर्फातलं एक कुत्रं उठून दुसरीकडे जाऊन बसलं.

फोन परत देताना म्हणाला,
"छान केलंस. पण तिला दाखवू नकोस."
मग थोडं थांबून,
"ते मान खाली घातलेलं कुठे गेलं? त्या दिवशी
त्याचंच बरोबर होतं."

रात्री फाइल पुन्हा उघडली.
मान खाली घातलेली जागच्या जागी परत लावली.
चेंडू जाळीतून पडतो, तिथे माझी चित्रफीत संपायची.
आता आणखी सहा सेकंद जाऊ दिली.
विल्मांतास, माफ करा, पण हे ती कधी ना कधी बघणारच:
लोक खाली बसू लागतात,
तिसऱ्या रांगेत हिरवा स्वेटर वर येतो
सापडलेला हातमोजा घेऊन,
इकडे बघतो, तिकडे बघतो,
आणि एका मोज्याच्या, एका उघड्या हाताने
सगळ्यांच्या मागाहून
टाळ्या वाजवू लागतो.