पंचाहत्तर वॉट

मढवी बाईंनी जॅकेट काउंटरवर ठेवलं
तेव्हा खैरण्यात ऑक्टोबरचे दुपारचे दोन वाजलेले,
पंख्याला वारा नव्हता, नुसता आवाज.
काळं, जड, अस्तरात तारा शिवलेलं.
"स्पितीला चाललेय. एकटी.
बॅटरी वाटेत मान टाकायला नको."
पाणीपुरवठ्यात हेडक्लार्क, वय बावन्न, गाडी स्वतःची.

बल्बच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून मी हिशेब मांडला:
स्टेटर देतो दोनशे वीस, तेही पाच हजार फेऱ्यांना.
पंप चाळीस. इग्निशन आणि त्याचा मेंदू मिळून तीस.
हेडलाइट साठ.
मागचा दिवा, मीटर, किरकोळ, धरा पंधरा.
राहिले पंचाहत्तर.
जॅकेट पासष्ट खातं
आणि हातमोजे अजून बावीस मागतात.

"म्हणजे छाती तरी, नाहीतर हात तरी?"
दिवा बदलू, म्हटलं. एलईडी पंचविसात भागवतो.
पस्तीस सुटले, मोजे बसले,
बॅटरीच्या तोंडाला तेवीस.
बाई पुठ्ठ्याकडे बघत राहिल्या.
"आमच्या टाकीचंही हेच," म्हणाल्या,
"वरच्या मजल्याला चढेस्तोवर
खालच्यांच्या शिव्या खायच्या."

एक मात्र लक्षात ठेवा, बाई.
घाटात ट्रकमागे अडकलात, इंजिन जागीच गुरगुरतंय,
तेव्हा स्टेटर शंभरसुद्धा देत नाही.
ऊब मग साठवणीतून जाते, आणि कळत नाही.
हा छोटा मीटर लावलाय तो त्यासाठी.
साडेबाराच्या खाली आकडा आला
की बटण बंद, कुडकुडायचं.
सकाळी गाडीला उठायला काहीतरी ठेवावं लागतं.

संध्याकाळी काम उरकलं.
फ्यूज बॅटरीला लागूनच, रिले सीटखाली,
चावी फिरवल्याशिवाय एक थेंब करंट पुढे नाही.
निवासला म्हटलं, रेस धर.
जॅकेट मीच चढवलं, दुसऱ्या कुणावर तपासणार?
समोरचा गिरणीवाला पोट धरून हसला:
"उस्ताद, ताप भरला का?"
कपाळाचा घाम भुवयांत, भुवयांतला डोळ्यांत.
मीटर तेरा पॉइंट सहा. हलत नाही.
आणि तेवढ्यात दोन खांद्यांच्या मधोमध
हळूहळू, न विचारता,
कुणीतरी तळहात टेकवावा तसं.

तपासायला दोन मिनिटं पुरतात.
निवासने दोनदा वळून पाहिलं.
धर, म्हटलं, अजून धर,
वायर तापते का बघू.

वायर तापत नव्हती.

बिलात लिहिलं: रिले, फ्यूज, दिवा, मीटर,
सहा मीटर वायर, मजुरी.
बाईंनी आकडे जुळवून पाहिले, सवयच ती.
"पन्नास रुपये कमी लावलेत तुम्ही."
असू दे, म्हटलं.
पेट्रोल तुमचंच जळलं थोडं.