चार्जिंगची बत्ती

बेचाळीस दिवस मी त्यांना अंधारात वाढवलं,
लाल बल्बखाली, काळ्या कागदात गुंडाळलेल्या काचेत,
अमरावती रोडवरच्या त्या दुसऱ्या मजल्यावर
जिथल्या खिडक्यांना आम्ही आतून डांबरी रंग फासलाय.

नाग नदीचा काळा गाळ खायला शिकवलेले जिवाणू.
त्यांच्या पोटात एक प्रथिन ठेवलंय, मिटलेलं.
निळा उजेड लागला की ते उलगडतं
आणि आतून एकेकाची साल फाडतं.
म्हणजे नळीतून निसटले, नाल्याला लागले,
तरी पहिल्याच सकाळी संपतील.
नागपूरच्या उन्हाहून खात्रीचा पहारेकरी
मला तरी दुसरा सुचला नव्हता.

मे महिन्यात मीही तशीच येते,
डोळे सोडून सगळं ओढणीत बांधून,
सिग्नलच्या बरंच अलीकडे, झाडाखाली स्कूटी थांबवत.
शेजारची पोरगीही बांधलेली.
कोण कुणाची, कळत नाही.

परवा रात्री वीज गेली.
पंचफुलाबाई फरशी पुसायला आल्या होत्या,
म्हणाल्या, अंधारात पडन वो पोरगी,
आणि चार्जिंगची बत्ती ठेवून गेल्या
बरोब्बर माझ्या रॅकसमोर.
कागद मी संध्याकाळीच सोडला होता, नमुना काढायला.
रात्रभर जळली ती. बिचारी मन लावून जळली.

सकाळी चंबूतलं पाणी नितळ.
दुधट काही उरलंच नव्हतं.
काटोलकर सर वाकून बघत राहिले, मग हसले :
अगं, चाललं की! संत्राबर्फी आण.

आणली. पंचफुलाबाईंना दोन दिल्या.
कायची वो मॅडम?
मला सांगता येईना
की तुमच्या बत्तीनं काही अब्ज जीव मेले
आणि ते तसंच व्हायला हवं होतं.
तुमच्यामुळं काम झालं, एवढंच म्हटलं.
त्या लाजल्या. एक बर्फी नातवासाठी पदरात बांधली.

पण तेच नितळ पाणी मी प्लेटवर पसरलं होतं,
सवयीनं,
आणि निळ्या दिव्याखाली ठेवून विसरले होते.
आज कडेला दोन ठिपके.
टाचणीच्या डोक्याएवढे, पांढरे, धडधाकट.
उजेड त्यांना दिसत नाही,
किंवा दिसतो आणि ते मनावर घेत नाहीत.

सरांना अजून सांगितलं नाही.
झाकणावर मार्करनं तारीख टाकून
प्लेट हातात धरून बसलेय.
बाहेर शेहेचाळीस डिग्री.
चौकातली कुत्री गाड्यांखाली शिरलीत.