तीन किलो

मी वजनमापे खात्यात निरीक्षक.
एकोणीस वर्षं सियागंजातल्या काट्यांवर
शिसं ठोकून शिक्का मारते
आणि पन्नास ग्रॅमच्या चोरीपायी
दुकानदारांना घाम फुटलेला बघते.
परवा एका फॉर्मपुढे मलाच फुटला.

फॉर्म विमान शिकायचा.
लहान विमान, दोन जागांचं.
दार लावलं की चिवड्याच्या डब्याचा आवाज.

घरी सांगितलं तेव्हा श्रीरंग कांदा चिरत राहिला.
बऱ्याच वेळाने म्हणाला,
बंद पडलं तर बाजूला घेता येतं का?
हा प्रश्न मी जसाच्या तसा घेऊन गेले,
बिजासनच्या टेकडीखालून, सकाळी साडेसहाला.

कॅप्टन खनूजा हसले नाहीत.
म्हणाले, वर बाजू नसते. फक्त खाली असतं.
हजार फुटांवरून मैलभर तरी तरंगत जातं हे, इंजिनाशिवाय.
तेवढ्यात शेत शोधायचं, विजेच्या तारा चुकवायच्या,
वाऱ्याकडे तोंड करून उतरायचं.
आणि सोयाबीन उभं असलं तर?
तर शेतकऱ्याचे पैसे द्यायचे.

मग पंखाखाली वाकून त्यांनी
एका पारदर्शक नळीत पेट्रोल काढलं, निळसर,
आणि उजेडाकडे धरलं.
पाणी असलं तर तळाशी वेगळं बसतं.
नव्हतं.
तरी दुसऱ्या पंखाखालून पुन्हा काढलं, पुन्हा धरलं.
दुधातलं पाणी शोधणं माझ्या खात्याचं काम नाही,
पण तळाकडे बघणारा डोळा मला कळतो.
तिथे तो माणूस मला आवडला.

ऑफिसात म्हणाले, वजन करा.
किती जड आहे आणि ते कुठे बसलंय,
दोन्ही लिहिल्याशिवाय हे उडत नाही.
कोपऱ्यात न्हाणीघरातला असतो तसा गुलाबी काटा.
चढले. एकसष्ट.
काल दुपारी खात्याच्या काट्यावर मी चौसष्ट होते.
तीन किलो रात्रीतून कुठे सांडले?
सवयीने काटा उलटा केला.
शिक्का नव्हता. अशा काट्याला कायद्याने लागतही नाही.

बाहेर बाकावर रतलामचा एक मुलगा,
कानांवर हेडफोन चढवून तयार.
त्याचंही वजन याच काट्यावरचं.

काटा तीन किलो कमी दाखवतो, मी म्हटलं.
हे वाक्य हजारदा म्हटलंय
आणि त्यावरची उत्तरं पाठ आहेत:
कालच दुरुस्त केला, मॅडम. चहा घ्या, मॅडम.
खनूजांनी फळ्यावरची त्या सकाळची उड्डाणं
ओल्या फडक्याने पुसली. तिन्ही.
मुलाने हेडफोन काढून मांडीवर ठेवले.
तीन किलोने काय होतंय, मागून कुणीतरी म्हणालं.
तीनच आहेत हे यांनी सांगितलं म्हणून कळलं,
खनूजा म्हणाले, आणि फडकं पिळायला गेले.

सोमवारी मी वीस-वीस किलोंची चार वजनं
सरकारी गाडीतून तिकडे नेली.
नियमात बसत नाही. इथे लिहिते आहे, बस.

रात्री भीती वाटते ती इंजिनाची नाही,
सिरपूर तलावावरून उठणाऱ्या बगळ्यांचीही फारशी नाही.
वाटते ती त्या बाईची, जी जिन्यातून दोनदा परत येते
गॅस बंद केला का बघायला,
आणि तिसऱ्यांदा येत नाही, कंटाळा करते.
तिचं वजन कुठल्या रकान्यात लिहायचं?

फॉर्मवर शेवटून दुसरी ओळ:
अपघात झाल्यास कोणास कळवावे.
श्रीरंग, लिहिलं.
पुढे नंबर.
पेन थांबलं.
सतरा वर्षांच्या संसारात तो मला पाठ नव्हता,
मोबाइलमध्ये बघावा लागला.

त्या दिवशी परत येताना
प्रत्येक लाल दिव्याला मी तो म्हणत राहिले,
पाच आकडे, मग पाच आकडे.
शेजारच्या रिक्षावाल्याला वाटलं, बाई जप करते आहे.

सही अजून केलेली नाही.
नंबर पाठ झालाय.